दारातला टाचेचा खड्डा

मी एक जुना कोबा आहे. सिमेंटचा, घराशेजारच्या गॅरेजमधला. मित्रांनो, जमिनीला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात येईल. येऊ दे. जन्मभर लोकांनी माझ्यावर पाय दिले, तेल सांडलं, हातोड्या आपटल्या, तेव्हा कुणी काय म्हणतं ते मी फारसं मनाला लावून घेत नाही. पण एक गोष्ट माझ्या पोटात आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून जरा बसा. खाली बसलात तरी चालेल, आता मी अगदी स्वच्छ आहे.

मला बाबांनी घातलं. ते मुलांचे बाबा, पण मीही त्यांना बाबाच म्हणतो. बसच्या डेपोत ते फिटर होते. घराच्या कडेला त्यांनी पत्र्याची शेड उभी केली आणि एका सुट्टीच्या दिवशी खडी, वाळू, सिमेंट स्वतःच कालवायला घेतलं. "गवंड्याला कशाला बोलवायचं? मला काय हात नाहीत?" असं ते म्हणाले. आई, म्हणजे त्यांची बायको, दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "हात आहेत हो, पण ते गवंड्याचे नाहीत." तिचं म्हणणं खरं निघालं. मी मागच्या कोपऱ्याकडे थोडा उतरताच झालो. हातातून बेअरिंगचा छर्रा सुटला की तो घरंगळत त्याच कोपऱ्यात जायचा, आणि बाबा दर वेळी आईकडे न बघता तो उचलून आणायचे.

थापीचा शेवटचा हात फिरवून बाबा दाराबाहेर उभे राहून मला न्याहाळत होते. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिचं लक्ष कपाकडे. तिचा डावा पाय सरळ माझ्यावर पडला आणि टाच आत रुतली.

"अगं, ओला आहे," बाबा म्हणाले. ती इतकी शरमली की चहा राहिला बाजूलाच. "फिरवा ना थापी त्यावरून," ती म्हणाली. बाबा हसत होते. "राहू दे. तुझं काहीतरी नको का इथे?" मग तिने त्यांना बजावून सांगितलं, "मग कुणाला सांगायचं नाही. पोरांनाही नाही. जन्मभर चिडवत बसतील मला." बाबांनी कबूल केलं. पुढे पोरांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, इथे जॅक पडला होता. पोरांना ते पटलं. बाबांच्या हातून जॅक पडणं त्यांना काही नवं नव्हतं.

माझी कामाची वर्षं फार चांगली गेली. डेपोतून आले की बाबा गॅरेजमध्ये. निवृत्त झाले तरी तेच. गल्लीतले सगळे आपापलं दुखणं घेऊन यायचे, म्हणजे पंप, मिक्सर, सायकली, शिलाईमशीन. माझ्यावर ग्रीसचे डाग पडले. एकदा लोखंडी ऐरण निसटली आणि फळीखाली माझा चांगला टवका उडाला. कामाच्या टेबलासमोर बॅटरीचं ॲसिड सांडलं, तिथे मी खरखरीत झालो. एका वर्षी जमीन खचली आणि दारापासून थेट टेबलाच्या शेगड्यापर्यंत, म्हणजे कामाची वस्तू आवळून धरणाऱ्या त्या लोखंडी जबड्यापर्यंत, मला तडा गेला. दिसायला मी अगदीच गबाळा होतो हो, पण घरात मला कुणी नावं ठेवली नाहीत. आई झाडायला यायची तेव्हा दारातला तो खड्डा मात्र ती नेमका पायाने झाकून उभी राहायची.

मग आई गेली. आजारी पडली आणि फार न रेंगाळता गेली. दोन्ही मुलं नोकरीच्या गावी परतली, आणि बाबा एकटे राहिले. तेव्हापासून बाबा आत येताना दारात चप्पल काढायचे, आपली डावी टाच त्या खड्ड्यात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच कामाला लागायचे. मला त्या टाचेचा भार रोज कळायचा.

पुढे त्यांचं चालणं बदललं. पूर्वी ते पाय उचलून टाकायचे, आता घासत न्यायला लागले. पडलेला स्क्रूड्रायव्हर त्यांच्या पायाखाली यायला लागला. एक दिवस ते डॉक्टरांकडून आले, टेबलापाशी उभे राहिले आणि शेगड्यावर हात ठेवून म्हणाले, "डोळ्याची नस वाळत चाललीय म्हणे. गेलेली नजर परत येत नाही म्हणे." एकटा माणूस कामाच्या जागी असा मोठ्याने बोलतोच. तेवढ्यात मुलीचा फोन आला. ती काळजीने विचारत असणार. बाबा तिला म्हणाले, "काही नाही गं, मोतीबिंदू आहे. पिकला की काढू म्हणाले." फोन ठेवल्यावर ते पुन्हा शेगड्यालाच म्हणाले, "खरं सांगितलं तर पहिलं कुलूप या दाराला लागेल."

मित्रांनो, तेव्हापासून बाबांच्या हातात एकच गोष्ट उरली होती, आणि ती म्हणजे हे गॅरेज. घरात ते भिंती धरून चालायचे, रस्त्यावर तर जायचेच नाहीत. पण इथे ते पूर्वीचे फिटर होते, कारण इथे त्यांना मी होतो. टाच खड्ड्यात टेकली की तोंड बरोबर आत. मग पायाचा अंगठा तड्यावर ठेवायचा आणि तड्याच्या रेषेने पुढे जायचं. वाटेत डावीकडे पायाला ऐरणीचा टवका लागला की तिथे वर फळी. पायाला खरखर लागली की टेबल आलं. फळीवर नट-बोल्ट जुन्या डब्यांत होते. एक चहाचा, एक पावडरचा, एक बिस्किटांचा. हाताला प्रत्येकाचा आकार ओळखीचा, आणि हलवला की आवाजावरून आतलं कळायचं. बाबा डोळ्यांनी बघतच नव्हते आणि काम बिनचूक करत होते. मला कसला अभिमान वाटायचा म्हणून सांगू. इतकी वर्षं नुसता पायाखाली पडून होतो, आता मी कुणाला तरी हात धरून नेत होतो.

मुलं सुट्टीला आली की बाबा त्यांच्यासमोर गॅरेजमध्ये यायचेच नाहीत. "तुम्ही आलात, आता कसलं काम," म्हणायचे आणि घरात खुर्चीत बसून राहायचे.

अशाच एका सुट्टीत दोघं भावंडं माझ्या दारात येऊन उभी राहिली. बाबांना त्यांनी आत्याकडे आठवडाभर पाठवलं होतं. निघताना बाबा म्हणत होते की समोरच्या काकूंच्या चाकाच्या खुर्चीचं काम बाकी आहे, बेअरिंग अडकलंय, आल्याबरोबर करून द्यायचंय. काकूंना चालता येत नाही. खुर्ची नसली की त्या फाटकापर्यंतसुद्धा येऊ शकत नाहीत.

"बघ ही अवस्था," मुलगी म्हणाली. "त्यात बाबांना नीट दिसत नाही. या तड्यात पाय अडकून पडतील एक दिवस."

"म्हणूनच म्हणतोय ना ताई, आपण सरप्राइज देऊ. मी सगळे व्हिडिओ बघून ठेवलेत."

"व्हिडिओ बघून तू मागे नळ दुरुस्त केला होतास. आठवतंय? पूर्ण स्वयंपाकघर पोहत होतं."

"तो नळच खराब होता," भाऊ म्हणाला, आणि बाह्या सरसावून कामाला लागला.

खोटं कशाला बोलू, दोघांनी माझ्यासाठी फार मेहनत घेतली. आधी सामान बाहेर काढलं. मग तारेच्या ब्रशने आणि साबणाने माझे तेलकट डाग घासले. आत ओल आहे का ते बघायला माझ्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून रात्रभर ठेवला. सकाळी तो कोरडा निघाला तेव्हा भाऊ परीक्षेत पास झाल्यासारखा हसला. मग रंग नीट धरावा म्हणून पातळ ॲसिड ओतलं, मी जागोजागी फसफसलो, पाण्याने धुतला गेलो. भिंतीला लोखंडी रॅक ठोकला. भावाने तो आधी इतका तिरका लावला की बहीण म्हणाली, "आपण बाबांचीच मुलं आहोत, शंकाच नको." मी मनातल्या मनात हसलो. जुने डबे भंगारवाल्याकडे गेले. त्यांच्या जागी झाकणांचे सारखे डबे आले, सगळे एकाच मापाचे. मुलीने प्रत्येकावर मोठ्या ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली. नट. बोल्ट. वॉशर. "मोतीबिंदू असला तरी एवढं वाचता येईल त्यांना," ती म्हणाली. छताला दोन लांब दिवे लागले, तेही बाबांसाठीच.

मग त्यांनी पुट्टी कालवली. तडा भरला. ऐरणीचा टवका भरला. खरखरीत जागा मशिनने घासून सपाट केली. मी ओरडत होतो, पण कोब्याचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

शेवटी मुलगी दारात गुडघ्यांवर बसली. "हा खड्डा मात्र नक्की भरायला हवा. आत येतायेताच पाय मुरगळेल त्यांचा."

"जॅक पडला होता ना तो?"

"हो, बाबांचा तो जॅक," ती हसून म्हणाली आणि तिने पुट्टी त्यात दाबली. आधी पत्र्याने, मग अंगठ्याने. किती हळुवार फिरवला तिने तो अंगठा. आईच्या टाचेवरून तिची मुलगी हात फिरवत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. मला इतकं वाईट माझ्या आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर रंग आला. एका डब्यातला रंग आणि दुसऱ्या डब्यातलं तो घट्ट करणारं औषध एकत्र करायचं असतं आणि थोडं थोडंच कालवायचं असतं, नाहीतर ते तापून बादलीतच घट्ट होतं. भावाने उत्साहात सगळंच एकदम कालवलं. बादली चटका बसण्याइतकी तापली आणि रोलर तिच्यात असा चिकटला की निघेना. बहिणीने त्याला यथेच्छ बोलून घेतलं आणि तो दुकानात पळाला. दुसरा डबा आल्यावर मागच्या कोपऱ्यातून सुरुवात करून, एकेक पट्टा रंगवत, ती दोघं दारापर्यंत मागे मागे सरकत आली. वर राखाडी-पांढरे कण शिंपडले. वाळल्यावर मी काय दिसत होतो म्हणून सांगू. गल्लीतले लोक बघायला आले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने तर विचारलं, "इथे चपला घालून यायचं की नाही?" आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक होत होतं, आणि मला ते नको होतं.

बाबा आले. दोघं त्यांना हाताला धरून दारात घेऊन आली. भावाने दिवे लावले. "बघा," तो म्हणाला.

बाबा चप्पल काढायला लागले. "राहू द्या बाबा, आता काही टोचणार नाही," मुलगी म्हणाली. पण त्यांनी काढलीच. त्यांचा डावा पाय पुढे आला. टाच टेकली, सरकली. पुन्हा थोडी डावीकडे टेकली. मग उजवीकडे. सगळीकडे सारखंच, गार आणि गुळगुळीत.

"बघ ताई, पायाने चाचपून बघतायत," भाऊ खूश होऊन म्हणाला.

बाबा तो खड्डा शोधत होते. ते मला कळत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. मग ते म्हणाले, "छान केलंत. केवढी मेहनत घेतलीत रे पोरांनो." आणि दारातूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी भाऊ त्याच्या गावी गेला. बहीण अजून एक दिवस थांबणार होती. सकाळी ती आंघोळीला गेली आहे असं कळताच बाबा एकटेच गॅरेजमध्ये आले. काकूंच्या खुर्चीचं चाक काखेत होतं. त्यांनी अंदाजाने तोंड आत केलं, पण तेच जरा चुकलं. तडा सापडेना. ते थांबले, वळले, आणि एकदा वळल्यावर दार कुठे राहिलं तेही त्यांना कळेना. रॅकला हात लागला. त्यांनी एक डबा काढून हलवला. दुसरा हलवला. नवे डबे गच्च भरलेले, आवाजच नाही. झाकण उघडताना डबा हातातून निसटला आणि बोल्ट घरंगळत मागच्या कोपऱ्यात गेले. तेवढं एक त्यांना ओळखीचं वाटलं असावं, कारण ते खाली बसले आणि त्या आवाजाच्या दिशेने तळहाताने मला चाचपत निघाले. मित्रांनो, ज्या माणसाने मला घातलं, तो माणूस माझ्यावर हात फिरवत होता आणि मला ओळखत नव्हता.

मुलगी चहा घेऊन आली. दारात उभी राहिली.

"बाबा, काय शोधताय?"

"पाना," बाबा म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तो काय, तुमच्या डोक्यावरच आहे. रॅकला टांगलाय."

बाबांनी मान वर केली, पण भलत्याच बाजूला. तिने ते पाहिलं. कप हळूच खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, किती दिसतं तुम्हाला?"

"दिवा कुठे आहे तेवढं कळतं."

"मोतीबिंदू नाहीये ना?"

"नाही गं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर इथे येऊ दिलं असतंस?"

ती खरं बोलणारी मुलगी आहे. "नसतं दिलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "इतके दिवस कसं काम करत होतात?"

"पायाने," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. तडा, टवका, खरखर, डब्यांचे आवाज. अगदी साध्या आवाजात सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "सुरुवात दारातून व्हायची. तिथे तुझ्या आईची टाच होती. मी कोबा घातला त्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि ओल्यात पाय पडला तिचा."

"तो जॅकचा खड्डा होता. तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो. तिने कुणाला सांगू नका म्हटलं होतं."

मुलीने दारातल्या त्या भरलेल्या जागेकडे पाहिलं. मग उठली, छिन्नी-हातोडी घेतली आणि दारात गुडघे टेकून तो खड्डा उकरायला लागली. पण ती पुट्टी सिमेंटपेक्षा कडक असते. वरचा रंग ढलप्यांनी उडाला, माझी कड फुटली, तिच्या बोटांना खरचटलं, आणि टाच काही निघाली नाही. ती रडत होती आणि ठोकत होती. बाबा आवाजाच्या मागाने सरपटत तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "आता आणखी फुटेल ती."

त्या दुपारी काकूंची खुर्ची दुरुस्त झाली. बाबा टेबलापाशी बसले, मुलगी मागितलेली वस्तू हातात देत गेली. खुर्ची पोहोचवून आलेल्या पोराबरोबर काकूंचा निरोप आला, तुमचा हात अजून तसाच आहे म्हणून. बाबा म्हणाले, "त्यांना सांग, आज हात माझ्या मुलीचे होते." त्यानंतर त्यांनी पान्याला हात लावला नाही. मुलीने पुढे पंधरा दिवस रजा काढली, तड्याच्या जागी माझ्यावर सुती दोरी चिकटवून दिली. बाबा तिच्यासाठी त्या दोरीवरून चालून दाखवायचे. पण दोरी सरळ होती आणि तडा वाकडा होता. ते दर वेळी अर्ध्यातच थांबायचे.

मग ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. निघण्यापूर्वी बाबा अनवाणी दारात आले. छिन्नीने खरवडलेली ती जागा त्यांच्या टाचेला लागली. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले, आणि गेले. परत आले नाहीत. त्या दुसऱ्या घरात त्यांना खिडकीजवळची छान खोली होती, सगळं हातात मिळत होतं, पण ते उठून चालायचेच नाहीत, असं मुलगी नंतर इथेच भावाला सांगत होती. हिवाळा संपता संपता ते गेले.

परवा दोघं भावंडं आली होती. घर आवरायला. भाऊ दारात थबकला आणि म्हणाला, "ताई, हे केवढं खरवडलेलं दिसतंय. पुट्टी उरलीये थोडी. भरून टाकू का?"

टाचेचं त्याला अजून ठाऊक नव्हतं. तिने चप्पल काढली, आपली डावी टाच त्या जागेवर ठेवली आणि उभी राहिली. तिची टाच आईएवढीच आहे.

"नको," ती म्हणाली. "बस इथे. तुला काहीतरी सांगायचंय."

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुम्हीही कधी तुमच्या आजी-आजोबांची, आई-बाबांची खोली आवराल, रंगवाल, जुने डबे भंगारात द्याल. जरूर करा. पण आधी त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा की हा खड्डा कसला, हा डबा इथेच का. लगेच नाही सांगणार ते. पुन्हा विचारा. आणि कधी माझ्या दारात आलात, तर चप्पल काढून या. टाच अजून आहे, पुट्टीच्या खाली, मी ती धरून ठेवली आहे. तेवढी जागा बुजवू नका.